उरणची लोकल दोन मिनिटं थांबली तर कुणाचं काय बिघडेल?

उरणला रेल्वे आली म्हणून आम्हाला अभिनंदनाचे मेसेज धाडणाऱ्या ठाण्या-डोंबिवलीच्या समस्त पाहुण्यांना हात जोडून विनंती: एकदा ऑफिस सुटल्यावर सीएसएमटीहून उरणला येऊन दाखवा. मग बोलू.

गंमत कुर्ल्यापासूनच सुरू होते. सीएसएमटीहून थेट उरणची गाडी नाही; उरणची एक गाडी नेरूळहून सुटते, एक बेलापूरहून. त्यामुळे हार्बर लाइनच्या गर्दीत एका हाताने कडी धरायची, दुसऱ्या हाताने मोबाइलमध्ये वेळापत्रक उघडायचं आणि ठरवायचं, आज उतरायचं कुठे? आपली गाडी पाच मिनिटं लेट झाली की गणित चुकलं. आणि ती लेट होतेच, हार्बर आहे ती! नेरूळला उतरून धावत फलाट बदलावा, तर उरणचा शेवटचा डबा पाठ दाखवून जात असतो. इकडे गाडीतून पन्नास माणसं पळत येतायत हे कुणाला दिसत नाही? दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं थांबवा की! पुढे काय राजधानी एक्स्प्रेस अडून राहिलीय?

दादर-ठाण्याला गाडी चुकली की माणूस चार मिनिटं शिव्या देतो आणि पुढची पकडतो. आमच्याकडे चुकली की तास गेलाच समजा. घरून फोन, 'कुठपर्यंत आलास?' काय सांगणार? नेरूळलाच आहे, डास मारतोय. पाटी घेऊन परत निघालेली एक मावशी परवा बाकड्यावर टेकली आणि म्हणाली, "गेली काय रं गारी?" गेली, मावशी. ती सकाळी करंजाहून मासळी घेऊन निघते तेव्हा हाच खेळ उलटा होतो. गाडी चुकली की तिचा बर्फ वितळतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. त्याची नुकसानभरपाई कोणत्या खिडकीवर मिळते म्हणे?

या मार्गाला मंजुरी मिळाली नव्वदच्या दशकात. खारकोपरपर्यंत गाडी आली नोव्हेंबर 2018 मध्ये आणि उरणला पोचली 12 जानेवारी 2024 ला. दोन सरकारी यंत्रणांनी खर्च 67-33 असा वाटून घेतला, पैशापैशाचा हिशोब चोख ठेवला. पण दोन वेळापत्रकं एका टेबलावर ठेवून बघावीत असं कुणाला सुचलं नाही! सुरुवातीला येणाऱ्या-जाणाऱ्या मिळून दिवसाला 40 फेऱ्या दिल्या. त्या नेरूळ-बेलापूरमध्ये वाटल्या की उरतं काय? त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं. मोटारवाल्याने एका वेळचे 250 रुपये मोजले की तो समुद्रावरून सरळ शिवडीला. त्याला कुठे उतरायचं नाही, चढायचं नाही, गणित मांडायचं नाही.

बरं, एवढं करून उरणला उतरलो तरी सुटका आहे का? स्टेशन नवंकोरं, फलाट लांबलचक, बाहेर ऐसपैस जागा. रेल्वे-बस एकत्र, एका छताखाली सगळी सोय, असली चित्रं कागदावर फार सुंदर दिसतात. रात्री साडेनवाला बाहेर येऊन उभे राहा. गाडीच्या वेळेला धरून बस नाही. रिक्षा आहेत, पण करंजा म्हटलं की मान दुसरीकडे, केगाव म्हटलं की तोंडाला येईल तो आकडा. गाडीत शंभर-दोनशे माणसं येणार हे वेळापत्रकात छापलेलं आहे. ती चालत गावाला जाणार असं धरलंय की काय? आणि चालायचं तरी कुठून, कंटेनरच्या चाकाखालून?

याच तालुक्याच्या जमिनी बंदराला गेल्या, नवी मुंबईला गेल्या. जमिनीच्या हक्कासाठी 1984 च्या जानेवारीत दास्तान फाट्याला आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यानंतर बरोबर चाळीस वर्षांनी लोकल आली. म्हणून तक्रार केली की ऐकवतात, 'आली ना एकदाची, आता गप बसा.' का गप बसायचं? उपकार केलेत?

नवा रूळ मागत नाही, एसी डबा मागत नाही. हार्बरची गाडी लेट असेल तर उरणची थोडी थांबवा, पुढची गाडी कुठून सुटणार ते वाशीच्या आधी डब्यात सांगा आणि शेवटच्या गाडीपर्यंत स्टेशनबाहेर एक बस उभी ठेवा. याला हजारो कोटी लागत नाहीत, एक फोन लागतो.

आणि 'मोरा बंदरातून मुंबईला लाँच आहे की' हे कृपया कुणी सांगू नका. ओहोटीला गाळात लाँच लागत नाही, पावसाळ्यात समुद्र खवळला की बंद. तरी खरं सांगू? ओहोटीची वेळ आदल्या दिवशी कळते. हार्बरच्या गाडीची फलाटावर उभं राहूनही कळत नाही.