नोहा गप्प का राहिला? – तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून लगेच उत्तर लिहायला बसलो नाही, कारण तिच्यातल्या एका वाक्यापाशी मी अडलो. ‘ज्या सिनेमाला तुम्ही रक्ताचा बाजार म्हणालात, तो मी आणि माझी आई दर गुड फ्रायडेला एकत्र बघतो,’ असं तुम्ही लिहिलंय. म्हणून आधी त्याविषयी. बायबलमधल्या कथांवरच्या आवडत्या-नावडत्या सिनेमांच्या लेखात मी मेल गिब्सनचा ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ (२००४) नावडत्यांमध्ये टाकला होता. आणि ‘ज्यांना हा आवडतो त्यांना येशूपेक्षा रक्तच जास्त बघायचं असतं’ असंही पुढे लिहिलं होतं. हे वाक्य चुकीचं होतं. सिनेमाबद्दल बोलायचं सोडून मी बघणाऱ्यांच्या मनाबद्दल बोललो. तो अधिकार मला नव्हता. वाक्य मी लेखातून काढलं आहे. तुमची आणि तुमच्या आईंची मनापासून माफी मागतो.

सिनेमाबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही, आणि ते का, हे नीट सांगायला हवं. तुमचे बाकीचे आक्षेप असे: इटालियन दिग्दर्शक पासोलिनीसारख्या नास्तिक, मार्क्सवादी माणसाचा येशूपट मी सगळ्यांत वर कसा ठेवला, ‘टेन कमांडमेंट्स’ला दोन ओळींत कसं गुंडाळलं, आणि ‘नोहा’मधले दगडी राक्षस मला चालतात, मग बायबल सोडल्याबद्दल रिडली स्कॉटच्या ‘एक्झोडस’लाच का झोडपलं. हा शेवटचा आक्षेप सर्वांत धारदार आहे. लेखात मी निकष सांगितलाच नव्हता, त्यामुळे तुम्हाला तो दुटप्पीपणा वाटला तर चूक माझी. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बायबल फार कमी बोलतं. अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघतो तेव्हा वाट तीन दिवसांची आहे. त्या तीन दिवसांत बापलेक काय बोलले, याबद्दल एक अक्षर नाही. डोंगर चढताना इसहाक एवढंच विचारतो, की विस्तव आहे, लाकडं आहेत, पण होमासाठी कोकरू कुठे आहे? बाकी सगळी शांतता. वाचणाऱ्याला ती शांतता पेलावी लागते. सिनेमाची अडचण इथेच सुरू होते, कारण कॅमेऱ्याला काहीतरी दाखवावंच लागतं. माणसांना चेहरे द्यावे लागतात, वाटेवर पावलं उमटवावी लागतात. म्हणजे भर घालणं अटळच आहे. ती भर मूळ कथेत लपलेला प्रश्न उघडा करते की त्याच्यावर माती टाकते, हे मी बघतो.

आता नोहा. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, सहाव्या अध्यायापासून नवव्यापर्यंत त्याची गोष्ट चालते. देव बोलतो, तारवाची मापं देतो: ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. सगळं जग बुडणार असं सांगतो. नोहा एक शब्दही बोलत नाही. पुढे सदोम नगराचा नाश होणार असं कळल्यावर अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो, पन्नास नीतिमान माणसं सापडली तर सोडशील का, पंचेचाळीस, चाळीस, असं करत दहापर्यंत येतो. नोहा काहीच विचारत नाही. त्याच्या तोंडचे पहिले शब्द येतात ते प्रलय संपल्यावर, स्वतःच्या द्राक्षमळ्याची दारू पिऊन शुद्ध हरपल्यानंतर. आणि तो असतो शाप, स्वतःच्या नातवाला, कनानला दिलेला. जुन्या यहुदी भाष्यकारांनाही हे मौन खुपलं होतं.

डॅरन अ‍ॅरोनॉफ्स्कीने ‘नोहा’ (२०१४) या मौनातूनच उभा केला आहे. असा गप्प राहणारा माणूस कसा असेल? रसेल क्रोचा नोहा हळूहळू अशा ठिकाणी पोचतो, की मनुष्यजातच संपावी हीच देवाची इच्छा, अशी त्याची खात्री होते, आणि नुकत्याच जन्मलेल्या नातींवर तो सुरा उगारतो. हे बायबलमध्ये नाही. पण त्यामागचा प्रश्न बायबलमधलाच आहे. तारवाचं दार बंद झाल्यावर बाहेर खडकाला लोंबकळणाऱ्या माणसांचा आक्रोश आत ऐकू येतो, आणि कुटुंब ते ऐकत बसून राहतं. मुलांच्या पुस्तकांत खिडकीतून मान काढणारे जिराफ असतात, हा आवाज नसतो. मला तो विसरता आलेला नाही.

दगडी राक्षसांचं म्हणाल तर ते मलाही आवडत नाहीत. त्यांचं मूळ हनोखच्या ग्रंथातल्या (हा बायबलबाहेरचा जुना यहुदी ग्रंथ) पतित देवदूतांमध्ये आणि उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीच्या कोड्यात टाकणाऱ्या चार ओळींमध्ये आहे, म्हणजे ते अगदीच हवेतून आलेले नाहीत. पण तारवाभोवतीची त्यांची लढाई हा सिनेमाचा सर्वांत कच्चा भाग. लेखात मी त्याबद्दल गप्प बसलो, ते बरोबर झालं नाही.

याउलट ‘एक्झोडस: गॉड्स अँड किंग्ज’ (तोही २०१४चाच), म्हणजे मोशेने आपल्या लोकांना मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सोडवल्याची गोष्ट, सगळ्याची स्पष्टीकरणं देत सुटतो. नाईल लाल का झाली, तर मगरींनी माजवलेल्या रक्तपातामुळे. मग मासे मेले, म्हणून बेडूक बाहेर आले, म्हणून माश्या झाल्या. समुद्र ओसरला तो त्सुनामीआधी ओसरतो तसा. इथे प्रश्न उघडत नाही, मिटतो. देव एका हट्टी, निष्ठुर लहान मुलाच्या रूपात येतो ही कल्पना मात्र धाडसी होती. मोशे त्या मुलाशी वाद घालतो तेवढ्याच जागा जिवंत वाटतात. बाकी मोशेचा सेनापती करून टाकलाय. ही गोष्ट सांगणाऱ्या निर्गम या बायबलमधल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात हा माणूस देवाला म्हणतो, मी बोलका नाही, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. म्हणून तर त्याच्या वतीने बोलायला भाऊ अहरोन बरोबर जातो. तोंडातून धड शब्द न फुटणारा माणूस एका साम्राज्यासमोर उभा राहतो, ही त्या कथेतली मला सर्वांत प्रिय गोष्ट आहे, आणि इतका पैसा ओतूनही ती पडद्यावर येत नाही.

‘टेन कमांडमेंट्स’बद्दल (१९५६) माझी तक्रार बरीचशी हीच आहे. चार्लटन हेस्टनचा मोशे कधी अडखळत नाही. तीन तास चाळीस मिनिटांत राजकन्या नेफ्रेतिरीच्या प्रेमाला एवढी जागा मिळते, की जळत्या झुडपाचा प्रसंग उरकल्यासारखा वाटतो. समुद्र दुभंगतो तो क्षण मात्र आजही अंगावर काटा आणतो. टाकीत ओतलेल्या पाण्याचं चित्रण उलटं फिरवून त्यांनी तो साधला होता, हे माहीत असूनही. सेसिल बी. डिमिलचाच सिनेमा निवडायचा तर मी ‘द किंग ऑफ किंग्ज’ (१९२७) निवडेन. मूकपट आहे. त्यात एका आंधळ्या मुलीला दृष्टी येते. पडद्यावर आधी अंधार, मग धूसर उजेड, आणि त्या उजेडातून आपल्याला येशूचा चेहरा पहिल्यांदा दिसतो, तिच्या डोळ्यांनी. लेखात हे लिहायला हवं होतं.

‘प्रिन्स ऑफ इजिप्त’ला (१९९८) तुम्ही ‘कार्टून’ म्हणालात. एकच प्रसंग पुन्हा बघा, मिसरच्या ज्येष्ठ पुत्रांच्या मृत्यूची रात्र. बाकी सिनेमाभर गाणी आणि भव्य संगीत आहे, इथे सगळं थांबतं. पांढरा धूर घराघरांत शिरतो आणि एक हलका श्वास ऐकू येतो, बस. नंतर रामसेस मेलेल्या मुलाला ठेवून त्याच्यावर चादर ओढतो आणि लोकांना जायची परवानगी देतो. मोशे बाहेर येतो. तो जिंकलेला असतो, आणि भिंतीशी कोसळून रडतो. दोघं भावासारखे वाढले, ही सिनेमाने घातलेली भर आहे. निर्गममध्ये त्या फारोचं नावसुद्धा नाही. पण त्या भरीमुळे सुटकेची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली, हे लक्षात येतं.

आता पासोलिनी. तुमचा मुद्दा असा, की ज्याची श्रद्धा नाही त्याने येशूला हात लावू नये. १९६३ मध्ये एका लघुपटावरून धर्माचा अवमान केल्याबद्दल याच माणसाला इटलीत न्यायालयाने दोषी ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी त्याने मत्तयच्या शुभवर्तमानावर सिनेमा केला आणि पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला तो अर्पण केला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय कॅथॉलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये व्हॅटिकनने महत्त्वाच्या ४५ चित्रपटांची यादी काढली, तिच्यात धर्मविषयक विभागात तो आहे. हे सांगतोय ते दाखल्यांनी तुमचं तोंड बंद करायला नाही. श्रद्धावंतांनाही त्यात आपला येशू सापडला, एवढंच त्यातून दिसतं.

आणि शब्दांशी निष्ठा हाच निकष धरला, तर या सिनेमाइतका प्रामाणिक दुसरा मला माहीत नाही. संवाद जवळजवळ सगळे मत्तयचेच आहेत. ‘येशू कायम रागावलेला’ असं तुम्ही म्हणता. मत्तयचा येशू घाईत आहेच. एन्रिके इराझोकी हा १९ वर्षांचा स्पॅनिश विद्यार्थी झपाझप चालत, मागे वळून शिष्यांना ऐकवत राहतो. मंदिरात मुलांना बघून तो हसतोही, आणि त्याचं हसू दुर्मीळ असल्यामुळेच ते लक्षात राहतं. सुरुवात आठवा. गरोदर मरियेचा चेहरा. योसेफाचा चेहरा. संवाद नाही. तो वळतो आणि निघून जातो. मत्तयने दोन वचनांत सांगितलेली त्या माणसाची घालमेल इथे एकाही शब्दाशिवाय समजते.

तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, पण या सिनेमाचं बरंच चित्रण दक्षिण इटलीतल्या मातेरा गावात झालं, आणि चाळीस वर्षांनी गिब्सनही त्याच मातेरात गेला. तेच दगडी उतार, त्याच गुहेसारख्या घरांच्या रांगा. पासोलिनीचा कॅमेरा येशूच्या खटल्याच्या वेळी गर्दीत मागे उभा राहतो, लोकांच्या खांद्यांवरून डोकावतो, त्याला नीट दिसतही नाही. शिष्यांनाही तेवढंच दिसलं असेल. गिब्सनचा कॅमेरा जखमेच्या आत जातो. मत्तयमध्ये रोमन सुभेदार पिलाताने येशूला ‘फटके मारून’ वधस्तंभाकरता सोपवलं, एवढंच आहे. गिब्सनकडे त्या दोन शब्दांचा लांबच लांब प्रसंग होतो. आधी छड्या, मग धातूचे तुकडे लावलेले आसूड. बराचसा तपशील अ‍ॅना कॅथरीना एमरिक या जर्मन जोगिणीच्या दृष्टांतांमधून आलाय, शुभवर्तमानांमधून नाही. त्या प्रसंगात थोड्या वेळाने मला येशू दिसेनासा होतो, नुसतं शरीर दिसतं. माझा आक्षेप एवढाच आहे.

पण त्याच सिनेमात एक जागा आहे, आणि तुमच्या आई बहुधा तिथेच रडत असाव्यात. क्रूस घेऊन येशू पडतो. मरियेला तो लहानपणी धडपडला होता ते आठवतं आणि ती धावत सुटते, तेव्हा धावली होती तशीच, ‘मी आहे इथे’ म्हणत. हा प्रसंग कुठल्याच शुभवर्तमानात नाही. तरी मी त्याला कधीही खोटं म्हणणार नाही, कारण क्रुसापाशी मरिया काही बोलल्याचं कुणीच लिहिलेलं नाही आणि माया मॉर्गनस्टर्नने त्या मौनात आई उभी केली. मूळ लेखात मी याचा उल्लेखही केला नव्हता. ज्या वाक्याबद्दल माफी मागितली, त्याच्याइतकीच ही चूकही मला टोचतेय.

एक विनंती करतो. पुढच्या गुड फ्रायडेला, तुमचा नेहमीचा सिनेमा बघून झाल्यावर, आईंबरोबर पासोलिनीच्या सिनेमाची शेवटची वीस मिनिटं बघा. क्रुसाखाली कोसळणारी म्हातारी मरिया म्हणजे पासोलिनीची स्वतःची आई सुझान्ना. तिचा धाकटा मुलगा ग्विदो १९४५ मध्ये युद्धात मारला गेला होता. अभिनय हा तिचा पेशा नव्हता. १९७५ मध्ये पासोलिनीचाही खून झाला, आणि ती त्यानंतरही काही वर्षं जगली. तिचा चेहरा बघून तुमच्या आई काय म्हणाल्या, ते मला नक्की कळवा.