मिसळीवर रील होते, धंदा होत नाही

“एक रील टाक की भावा, मिसळ आमच्याकडून.” कोल्हापुरातला रीलचा व्यवहार अजून बऱ्याच अंशी या एका वाक्यावर चाललाय, आणि माझ्या मते याच वाक्यानं तो अडवूनही ठेवलाय.

माझं राजारामपुरीत जाहिरातीचं छोटं काम आहे. पूर्वी होर्डिंग, पेपरातली जाहिरात, रिक्षाच्या पाठीवरचे फ्लेक्स असं चालायचं. आता बराच वेळ दुकानमालक आणि व्हिडिओ करणारी पोरं-पोरी यांच्या मधे बसण्यात जातो. मालक म्हणतात, “खाऊन गेलं पोरगं, गिऱ्हाईक एक वाढलं नाही.” पोरगं म्हणतं, “सकाळपासून शूट, मध्यरात्रीपर्यंत एडिट, आणि हातात काय? थाळी.” दोघंही खोटं बोलत नाहीत. काय द्यायचं, काय घ्यायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं. तोंडावर पैशाचं बोलणं आपल्याकडं जड जातं. मग ‘आपलाच माणूस’ म्हणून काम घ्यायचं आणि ‘आपलाच माणूस असून असं केलं’ म्हणून वर्षभर मनात धरायचं.

स्पॉन्सरशिप हा व्यवहार आहे. पहिल्या चहालाच तो व्यवहार म्हणून मांडला तर दोघांच्याही पदरात काहीतरी पडतं, एवढंच मला सांगायचंय.

व्हिडिओ करणाऱ्यांनो, सुरुवात फॉलोअर्सपासून करू नका. महाद्वार रोडवरच्या साडीवाल्याला तुमचे लाखभर फॉलोअर्स काय कामाचे, जर त्यातले निम्मे इंदूर-लखनौचे असतील? त्याला पाहिजेत कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी, निपाणीच्या बायका, ज्या लग्नाचा बस्ता बांधायला गाडी करून येणार आहेत. बघणारे कुठल्या शहरातले, कुठल्या वयाचे, बायका किती, पुरुष किती, हे इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन दुकानात जा. आठ-दहा हजार फॉलोअर्स असले, पण बहुतेक जिल्ह्यातले असले, तर स्वतःला लहान समजायचं काही कारण नाही. उलट गुळाची पावडर कुरिअरनं देशभर पाठवणाऱ्याला मुंबई-पुणे-बेंगळुरूचा प्रेक्षक लागतो. तिथं तुमचं जिल्ह्यापुरतं पेज कमी पडेल, आणि तसं सांगून मोकळं व्हावं. खासबागेच्या कुस्ती मैदानात जोड लावताना दोन्ही पैलवानांचं वजन आणि ताकद बघतात, नाहीतर एक जण मिनिटात चीत आणि तिकीट काढलेले लोक शिव्या घालत घरी. आपल्या या धंद्यात जोड कोण बघतच नाही.

मग मालकाला विचारा, “तुम्हाला नेमकं काय विकायचंय?” बहुतेक जण म्हणतात, “सगळंच.” तिथं थांबू नका. तांबडा-पांढऱ्याचं हॉटेल असेल तर बुधवार, शुक्रवार, रविवार ते आपोआप भरतं. रविवारी दारात आधीच वेटिंग असताना तुम्ही अजून शंभर माणसं आणून उभी केलीत, तर ती ताटकळतात, वैतागतात आणि जाताना गुगलवर एक स्टार देऊन जातात. रील गाजली आणि हॉटेलचं नाव खराब झालं, हे मी बघितलंय. कदाचित त्या मालकाला रिकामा जाणारा वरचा हॉल भरायचा असेल, किंवा वाढदिवस-डोहाळजेवणाच्या ऑर्डरी हव्या असतील. विचारल्याशिवाय कळत नाही.

इथं थोडं गणित करू. धरून चला, ताट ३५० रुपयांचं आहे आणि सगळा खर्च जाऊन मालकाकडं ७० रुपये उरतात. तुम्ही रीलचे ७,००० मागितलेत. म्हणजे तुमच्यामुळं शंभर ताटं जादा गेली, तेव्हा कुठं त्याचे पैसे वसूल झाले. फायदा त्याच्या पुढं. पण पन्नास माणसांच्या दोन ऑर्डरी आल्या तरी तोच हिशोब मिटतो. मालकासमोर बसून हे गणित कागदावर मांडणारं पोरगं मला क्वचित भेटतं, आणि जे मांडतं त्याच्याशी मालक घासाघीस कमी करतात, कारण समोरचा आपल्या गल्ल्याचा विचार करतोय हे त्यांना दिसतं. तसंच स्वतःचंही गणित मांडा: पेट्रोल, माईक-कॅमेऱ्याचं भाडं, एडिटिंगचा वेळ, मदतीला आलेल्या मित्राचे पैसे. त्याच्या खाली जायचं नाही.

मोजायचं कसं, हा पुढचा घोळ. व्ह्यूज मालकाच्या गल्ल्यात पडत नाहीत. रीलमध्ये एक शब्द ठेवा, काउंटरवर तो सांगितला की एक सोलकढी फुकट, आणि काउंटरवरच्या पोरानं वहीत रेघ मारायची. गुगल बिझनेस प्रोफाइलवर किती जणांनी रस्ता विचारला, किती जणांनी फोन लावला, हेही मालकाला दिसतं. महिन्यानं हे आकडे घेऊन स्वतःहून भेटायला जा. आकडे पडेल असले तरी जा.

एका रीलवर कुणाचंच फारसं भलं होत नाही. बघणाऱ्यानं दुकान तिसऱ्या-चौथ्यांदा बघितलं की नाव डोक्यात राहतं. म्हणून मी नेहमी सांगतो, हंगाम धरून बोला. दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळं पेटतात, नवरात्रात अंबाबाईला गर्दी, चैत्रात जोतिबा, मेमध्ये पर्यटक, जूनमध्ये वह्या-रेनकोट. सहा महिन्यांचं ठरवलंत तर एका व्हिडिओचा दर थोडा उतरवायलाही हरकत नाही, कारण तुम्हाला दर महिन्याची खात्री मिळते आणि त्याला दर वेळी नवीन पोरगं शोधायला लागत नाही.

आता कागद, म्हणजे लेखी करार. इथं मी जरा लांबण लावणार आहे.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरी चपलेसारख्या सँडल्स दाखवल्या तेव्हा कोल्हापूरचं नाव कुठं नव्हतं. आरडाओरडा झाला, मग त्यांनी मूळ मान्य केलं, आणि डिसेंबरात लिडकॉम आणि लिडकर या महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन २,००० जोड इथंच बनवून घ्यायचं ठरलं. राग सगळ्यांनाच आला होता, पण हातात २०१९ चं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आणि पाठीशी महामंडळं होती, म्हणून समोर बसून बोलता आलं असं मला वाटतं. नुसत्या रागावर फार तर पोस्ट व्हायरल झाली असती.

तुमच्या रीलचंही तेच आहे. दुकानदारानं तुमचा व्हिडिओ उचलून स्वतःच्या फेसबुक जाहिरातीत लावला, चौकातल्या एलईडीवर फिरवला, की तुम्ही चिडता. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचलंय का? कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो किंवा चित्रफीत केली असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा. म्हणजे तुम्ही ज्याला चोरी म्हणताय ती कदाचित त्याची मालमत्ता आहे! म्हणून लिहून घ्यायचं: व्हिडिओ माझा, तुमच्या पेजवर चालेल, पैसे लावून जाहिरात म्हणून चालवायचा तर इतके महिने आणि त्याचे इतके जादा. दुरुस्त्या किती वेळा करून देणार, तेही लिहा, नाहीतर मालकाची मेहुणी, भाचा, शेजारी सगळे सूचना देतात. समोरच्या दुकानाचं काम किती दिवस करायचं नाही, तेही. मालक “आता दुसऱ्या कुणाचं करायचं नाही हं” असं सहज बोलून जातो. तुमचं महिन्याचं उत्पन्न अडवायचं असेल तर त्याची किंमत वेगळी लागते.

पैसे कधी, हा सगळ्यात नाजूक विषय. निम्मे आधी घ्या. उद्यम ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी फुकट होते, ती करा. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असेल तर एमएसएमई कायद्यानं लेखी करार नसताना १५ दिवसांत, करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर व्याज चढतं. शिवाय २०२३-२४ पासून आयकरात अशी तरतूद आहे की मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. प्रत्यक्ष देईल तेव्हाच. मोठ्या कंपनीच्या अकाउंट्सवाल्याला बिलावर उद्यम क्रमांक दिसला की फोन उचलायची पद्धत बदलते. आणि वस्तू फुकट मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. १ जुलै २०२२ पासून वर्षात २०,००० च्या वर गेलेल्या अशा लाभांवर १० टक्के टीडीएस आहे. म्हणजे व्हिडिओसाठी दिलेला मोबाईल परत केला तर नाही, ठेवून घेतला तर आहे.

जाहिरात आहे हे सांगायची पोरांना फार लाज वाटते. “लोक म्हणतील विकला गेला.” केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार पैसे, फुकट वस्तू, सूट, हॉटेलातला मुक्काम, इतकंच काय नातंही जाहीर करायचं असतं. पाव्हण्यांचं हॉटेल असलं तरी! तेही ठळक, व्हिडिओच्याच भाषेत. कॅप्शनच्या तळाशी हॅशटॅगच्या ढिगात नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत, आणि जाहिरात करायला एक ते तीन वर्षांची बंदीही येऊ शकते. दंडाचं सोडा, सरळ “ही जाहिरात आहे, पण गूळ मी घरी वापरून बघितलाय” असं म्हणणाऱ्या बाईवर माझी आई जास्त विश्वास ठेवते. आणि आमच्या घरातली खरेदी तीच करते.

नाही म्हणायचं कुठं, हेही ठरवून ठेवा. सगळ्यात लठ्ठ रक्कम घेऊन येतात ते पैसे लावून खेळायच्या ॲपवाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यात त्यांच्या जाहिरातीला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्यातनं एकदा तसली जाहिरात पेजवर दिसली की गुजरीतला सराफ तुम्हाला पेढीत उभं करणार नाही.

मालकलोकांना एकच विनंती. पोरांना स्क्रिप्ट पाठ करायला लावू नका. “आमचे येथे उत्तम व माफक दरात” हे तुमच्या पॅम्फ्लेटवर शोभतं. पोरांच्या स्वतःच्या बोलण्यासाठी लोक त्यांना बघतात, आणि तुम्ही पैसे त्याचेच देताय.

गावात एवढा कागद कोण करतंय, असं म्हणाल. पहिल्या वेळेला व्हॉट्सॲपवर सात-आठ ओळी लिहा आणि त्यावर मालकाचं “ठीक आहे” घ्या, तेवढंही भांडणाच्या वेळी कामाला येतं. पानभराचा मराठी मसुदा मी करून ठेवलाय, हवा त्यानं इनबॉक्समध्ये मागावा. दर मात्र मला विचारू नका, तो तुमच्या दोघांत ठरू दे.