ग्रीक आळशी ‘ठरले’ ते कुणाच्या मतानं?

निवडणुका जवळ आल्या की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच राहतो: “युरोपातल्या सर्वेक्षणात ग्रीक लोक सर्वांत आळशी ठरले. पन्नाशीत पेन्शन, तिशीपर्यंत आईबापांच्या घरी फुकट जेवण, जो तो लाचखाऊ, आणि वर आमचीच संस्कृती श्रेष्ठ असा ताठा. दुपारी झोप, संध्याकाळी समुद्रकिनारा, सगळे मजेत. म्हणून देश बुडाला. फुकट वाटणाऱ्यांना मतं द्याल तर महाराष्ट्राचा ग्रीस होईल.”

यावेळी तो एका काकांनी टाकला, खाली अकरा जणांनी अंगठे दाखवले, आणि मला राहवलं नाही. मी काही वर्षं सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या मराठीत उतरवण्याचं काम केलं आहे. एका शब्दानं उत्तर कसं पालटतं ते डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून ‘सर्वेक्षणात ठरलं’ असं कुणी म्हटलं की मला पहिल्यांदा दोनच गोष्टी विचाराव्याशा वाटतात: नेमकं काय विचारलं होतं, आणि कुणाला?

सुरुवात त्या आळशीपणापासूनच करू, कारण बाकीचा सगळा मेसेज त्याच खांबावर उभा आहे.

सर्वेक्षण खरं आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०१२च्या वसंतात युरोपीय संघातल्या आठ देशांत ते घेतलं: ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, स्पेन, इटली, ग्रीस, पोलंड आणि चेक प्रजासत्ताक. त्यात लोकांना विचारलं होतं की तुमच्या मते संघातला सर्वांत कष्टाळू देश कोणता आणि सर्वांत कमी कष्टाळू कोणता. कष्टाळू म्हणून सात देशांनी जर्मनीचं नाव घेतलं. आठवा देश ग्रीस, त्यांनी स्वतःचं नाव घेतलं. कमी कष्टाळू म्हणून ग्रीसचं नाव अनेक देशांत आलं.

म्हणजे इथे ग्रीकांचं काम कुणीही मोजलेलं नाही. शेजाऱ्यांना ग्रीकांबद्दल काय वाटतं ते मोजलं आहे. आणि वाटण्याचा तो काळ कोणता होता? ग्रीस कर्जात बुडाला होता, तो. २०१०च्या मार्चमध्ये जर्मनीतल्या ‘बिल्ड’ या सर्वाधिक खपाच्या वृत्तपत्रानं दिवाळखोर ग्रीकांनो, तुमची बेटं विकून टाका, अशा अर्थाचा मथळा छापला होता. २०११च्या मे महिन्यात चान्सलर अंगेला मेर्केल यांनी एका सभेत ग्रीस, स्पेन, पोर्तुगालमधल्या लोकांनी जर्मनांपेक्षा लवकर निवृत्त होऊ नये, सुट्ट्या जास्त घेऊ नयेत, असं बोलून दाखवलं. दोन वर्षं कानावर हेच पडल्यावर वॉर्सातल्या किंवा लंडनमधल्या माणसानं दुसरं काय उत्तर द्यायचं? गावात एखाद्या घराबद्दल चर्चा पसरावी आणि मग गावालाच विचारावं की ते घर कसं आहे, तसा हा प्रकार. उत्तर मिळतं, पण ते चर्चेचं मिळतं.

काम मोजणारे आकडे वेगळे असतात, आणि ते उपलब्ध आहेत. विकसित देशांची जी आर्थिक संघटना आहे, ओईसीडी, तिच्या २०२२च्या आकडेवारीनुसार ग्रीसमधला काम करणारा माणूस वर्षाला सरासरी १,८८६ तास काम करत होता आणि जर्मनीतला १,३४१ तास. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट आठवड्याचे तास मोजते. २०२३मध्ये संघाची सरासरी ३६.१ तास होती, ग्रीसची ३९.८, म्हणजे संघात सर्वांत जास्त. जर्मनीची ३४.

इथे मी स्वतःच एक अडचण मांडते, नाहीतर मीही मेसेजवाल्यांसारखीच वागले असं होईल. जर्मनीत अर्धवेळ काम करणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे तिथली सरासरी खाली येते. ग्रीसमध्ये स्वतःचं छोटं दुकान, खानावळ, शेती, टॅक्सी चालवणारे खूप, आणि दुकानदाराचा दिवस शटर खाली ओढल्यावरच संपतो. शिवाय जास्त तास म्हणजे जास्त उत्पादन नव्हे. तासामागे ग्रीसमध्ये होणारं उत्पन्न जर्मनीच्या मानानं बरंच कमी आहे, कारण उद्योग लहान, यंत्रसामग्रीत गुंतवणूक कमी. या सगळ्यावर वाद घालता येईल. पण “आळशी” हा शब्द त्यात कुठेच बसत नाही. २०२४च्या जुलैपासून तर तिथे काही उद्योगांत सहाव्या दिवशीही कामावर बोलावण्याची मुभा देणारा कायदा लागू झाला, त्या दिवसाला ४० टक्के जादा मजुरी देऊन. दुपारच्या झोपेचं चित्र रंगवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

कुणी म्हणेल, ग्रीसचे आकडे कसे मानायचे, त्यांनीच तर तुटीचे आकडे लपवले होते. लपवले होते, हे खरंच आहे. २००९ची तूट आधी राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांच्याही आत सांगितली होती, ती शेवटी पंधरा टक्क्यांहून जास्त निघाली. पण तो उद्योग सरकारी हिशेबात झाला, लोकांच्या कामाच्या तासांत नाही. आणि २०१०पासून तिथली सांख्यिकी संस्था नव्यानं उभी केली गेली, ती युरोस्टॅटच्या काटेकोर नजरेखाली.

पन्नाशीतल्या पेन्शनमध्ये तथ्याचा एक तुकडा आहे. २०१०पूर्वी ‘कष्टाचे आणि आरोग्याला घातक’ ठरवलेल्या व्यवसायांची यादी भलतीच लांब झाली होती, सरकारी नोकरीतल्या काही गटांना लवकर बाहेर पडता येत होतं, आणि झाकिन्थोस बेटावर सुमारे सातशे जण अंधांचा भत्ता घेत होते, त्यातले बहुतेक डोळस होते, हे २०१२मध्ये उघडकीला आलं. हे सगळं संतापजनकच आहे. पण सवलत काही गटांना असणं आणि सगळा देश पन्नाशीत घरी बसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या काळातही ग्रीक माणूस सरासरी साठी ओलांडूनच निवृत्त होत होता, जर्मन माणसाच्या जवळपास त्याच वयात. पुढे निवृत्तीचं वय ६७ झालं आणि पेन्शनमध्ये एकदा नव्हे, वारंवार कपात झाली.

त्या पेन्शनचं काय होत होतं हे मात्र मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊकच नसावं. ग्रीसमधल्या लघुउद्योजकांच्या महासंघाची एक संशोधन संस्था आहे, ती दरवर्षी कुटुंबांच्या उत्पन्नाचं सर्वेक्षण करते. मंदीच्या त्या वर्षांत सुमारे निम्म्या कुटुंबांनी सांगितलं की घराचं मुख्य उत्पन्न म्हणजे पेन्शन. २०१३मध्ये बेकारी २७.५ टक्के होती, तरुणांमध्ये त्याच्या दुप्पट. आजोबांच्या कापल्या गेलेल्या पेन्शनीत मुलगा, सून आणि नातवंडं असं घर चालत होतं. गिरणी संपानंतरची गिरणगावातली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग तिशीपर्यंत आईबापांकडे राहणारी मुलं. आकडा बरोबर आहे. ग्रीसमध्ये मुलं सरासरी साडेतीस वर्षांच्या आसपास घर सोडतात, संघाची सरासरी २६च्या थोडी पुढे आहे. पण त्याच युरोस्टॅटच्या पुढच्याच तक्त्यात आणखी एक आकडा आहे. मिळकतीच्या ४० टक्क्यांहून जास्त रक्कम घरावर, म्हणजे भाडं, हप्ते, वीज, पाणी यांवर, खर्च होणाऱ्या कुटुंबांत राहणारे लोक संघात २०२३मध्ये ८.८ टक्के होते आणि ग्रीसमध्ये २८.५ टक्के. सगळ्या संघात सर्वाधिक. अथेन्समध्ये खोली परवडत नाही म्हणून मुलगी आईकडे राहते, यात लाड कुठे आला? आणि ज्यांना जमलं ते गेलेच. संकटाच्या वर्षांत चार लाखांहून अधिक माणसं देशाबाहेर पडली. त्यांत डॉक्टर होते, इंजिनिअर होते. (एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणारे मेसेज याच ग्रुपवर याच काकांकडून येतात. पुण्यातला तिशीचा मुलगा घरी राहिला तर ते संस्कार, हे मी तिथे लिहिलंही.)

आता लाचेचा मुद्दा. माझ्या मते सर्वेक्षण कसं वाचावं हे शिकवणारा यापेक्षा चांगला नमुना नाही.

युरोपीय आयोग ‘युरोबॅरोमीटर’ नावाची सर्वेक्षणं घेतो. २०१३मध्ये त्यांनी भ्रष्टाचाराबद्दल विचारलं. तुमच्या देशात भ्रष्टाचार सर्वत्र पसरला आहे का? ग्रीसमध्ये ९९ टक्के ‘हो’ म्हणाले. मेसेज इथेच थांबतो. त्याच प्रश्नावलीत पुढे विचारलं होतं की भ्रष्टाचाराचा तुमच्या रोजच्या जगण्यावर परिणाम होतो का. त्याला ६३ टक्के ‘हो’. आणि त्याही पुढे: गेल्या बारा महिन्यांत तुमच्याकडे कुणी लाच मागितली किंवा तशी अपेक्षा दाखवली का? ७ टक्के. संघाची सरासरी ४ टक्के.

नव्व्याण्णव, त्रेसष्ट, सात. तिन्ही आकडे एकाच देशाचे, एकाच सर्वेक्षणातले. सात टक्के हा काही भूषणावह आकडा नाही. ग्रीकमध्ये ‘फाकेलाकी’ असा शब्दच आहे. त्याचा अर्थ छोटं पाकीट, शस्त्रक्रियेआधी डॉक्टरच्या हाती सरकवतात ते. मराठीतही पाकीट पोचवावं लागतं तेव्हा आपण हाच शब्द वापरतो. पण ९९ टक्के लोक वैतागलेले आहेत याचा अर्थ ९९ टक्के लोक खातात, असं गणित कुणी मांडत असेल तर त्यानं तक्रार करणाऱ्यालाच आरोपी केलं आहे. आणि ज्या समाजातली जवळजवळ प्रत्येक व्यक्ती म्हणते की हे चुकतंय, त्या समाजाला लाचेचं काही वाटत नाही, असं कसं म्हणणार?

संस्कृतीच्या ताठ्याचा आकडाही प्यूचाच. जून २०१५ ते जुलै २०१६ या काळात मध्य आणि पूर्व युरोपात घेतलेल्या सर्वेक्षणात “आमचे लोक परिपूर्ण नाहीत, पण आमची संस्कृती इतरांपेक्षा श्रेष्ठ आहे” या विधानाला ग्रीसमध्ये ८९ टक्क्यांनी होकार दिला. त्या सगळ्या देशांत सर्वाधिक. प्रश्नावल्या लिहिणाऱ्याला हे वाक्य ऐकताच खटकतं, कारण यात दोन विधानं एकत्र बांधली आहेत. पहिल्या भागाच्या नम्रतेला मान डोलावली की दुसऱ्या भागालाही होकार जातो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हेच विधान प्यूनं २०१९-२०मध्ये भारतातही विचारलं, जवळजवळ तीस हजार लोकांना. इथेही सगळ्या मोठ्या धर्मगटांतल्या बहुसंख्यांनी होकार दिला. भारतीय मुसलमानांचाच आकडा घ्यायचा तर ८५ टक्के. त्या अहवालाचं इथे एकात्मतेची खूण म्हणून कौतुक झालं. तेच वाक्य ग्रीक माणसानं मान्य केलं की ताठा. वर हेही पाहा की युरोपातलं ते सर्वेक्षण सुरू झालं त्या उन्हाळ्यात ग्रीसमधल्या बँकांना टाळं होतं आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोंवर मिळत नव्हते. सारा युरोप नावं ठेवत असताना माणूस आपल्या भाषेला, आपल्या पूर्वजांना जास्त घट्ट धरतो.

“सगळे मजेत” याला उत्तर द्यायला खरं तर दोन ओळी पुरतात. जागतिक आनंद अहवालात लोक स्वतःच्या आयुष्याला शून्य ते दहामध्ये गुण देतात. २०१५च्या अहवालात १५८ देशांत ग्रीस १०२वा होता. नंतर तो वर सरकला, पण युरोपात अजून मागच्याच रांगांत आहे. निळं पाणी, पांढरी घरं ही पर्यटकाच्या मोबाइलमधली असतात. सांतोरिनी बेटावर त्याच्या खोलीची चादर बदलणारी बाई तिथली आहे आणि हंगामात तिला सुट्टी नसते.

पण या आकड्यालाही मी दगडावरची रेघ मानत नाही, हे सांगितलं पाहिजे. “तुम्ही तुमच्या आयुष्याबद्दल समाधानी आहात का?” हा प्रश्न मी मराठीत उतरवला होता. चाचणी घेताना एका आजींनी हात जोडून सांगितलं, “आहे ना बाई, देवानं ठेवलंय तसं समाधानच मानायचं.” आणि मग गळक्या छपरापासून सुनेच्या दुखण्यापर्यंत सगळं सांगितलं. कागदावर त्या ‘पूर्ण समाधानी’. ‘समाधान’ हा आपल्याकडे मनाचा गुण आहे, परिस्थितीचा अहवाल नव्हे. ग्रीकमध्येही कसं काय विचारलं की बरेच जण “दोक्सा तो थेओ” म्हणतात, देवाची कृपा. अशी सवय असलेले लोकही जेव्हा मुलाखतकाराला पाच गुण सांगतात, तेव्हा त्या पाचांच्या मागे काय असेल?

राहिला महाराष्ट्राचा ग्रीस होण्याचा मुद्दा. ग्रीस बुडाला तो करवसुलीतल्या भोकांमुळे, लपवलेल्या तुटीमुळे, आणि स्वतःला छापता न येणाऱ्या चलनात डोंगराएवढं कर्ज उचलल्यामुळे. युरोत शिरल्यावर त्याला स्वस्तात कर्ज मिळत गेलं, आणि देणाऱ्यांत फ्रान्स-जर्मनीच्या बँकाही होत्या. राज्य सरकारच्या योजनांवर आक्षेप असेल तर जरूर घ्यावा. अर्थसंकल्प उघडावा, राज्याचं कर्ज किती, व्याजापायी किती जातं, योजनेचा खर्च किती, कुणाला पोचतो, हे आकडे ग्रुपवर टाकावेत. मी वाचेन आणि उत्तरही देईन. हे मी काकांना लिहिलं आहे. सोबत ९९, ६३ आणि ७ हे तीन आकडेही पाठवले आहेत, आणि पुढच्या वेळी मेसेज पुढे ढकललाच तर निदान हे तिन्ही एकत्र ढकला, अशी विनंती केली आहे.