‘खरा इस्लाम’ सांगणं हे प्राध्यापकाचं काम नव्हे

नमस्कार.

प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. परदेशी विद्यापीठांतल्या धर्म-अध्ययन विभागांत इस्लाम कसा शिकवतात, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. श्रद्धा नसलेल्याने धर्म काय शिकवायचा? आणि हे प्राध्यापक इस्लामची पाठराखण करतात, ‘खरा इस्लाम’ काय ते सांगतच नाहीत.

पहिल्याचं उत्तर तुमच्या कोथरूडच्या शेजारीच, लॉ कॉलेज रोडवर आहे. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचं आदिपर्व उघडून पाहा. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, ही आपल्या लाडक्या कथेची जागा मुख्य संहितेत नाही. या आवृत्तीचे संपादक सुखटणकर यांनी तिला परिशिष्टात धाडलंय. तेही सार्वजनिक गणपतीच्या पुण्यात बसून! गणपतीशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. प्रतींचा पुरावा तसा होता, बस. संपादक घरी पूजा करतो की नाही, याने पाठभेद बदलत नाहीत.

कुराणाच्या हस्तलिखितांवरचं काम याच जातीचं. १९७२ साली येमेनमधल्या सनाच्या मोठ्या मशिदीची दुरुस्ती करताना जुन्या चर्मपत्रांचा साठा हाती लागला. त्यातल्या एका प्रतीत आधीचा मजकूर पुसून त्यावर नवा लिहिलाय. खालच्या पुसट मजकुरात काही शब्द वेगळे आहेत, सूरांचा, म्हणजे अध्यायांचा, क्रमही प्रचलित कुराणाहून निराळा. ही अक्षरं मुसलमान अभ्यासकांनी वाचली, इतरांनीही वाचली.

आता पाठराखण. इग्नाझ गोल्डझिहर हा हंगेरीचा ज्यू अभ्यासक, कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात शिकून आलेला. पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी म्हणजे हदीस; त्यातल्या अनेक म्हणजे नंतरच्या पिढ्यांचे वाद पैगंबरांच्या तोंडी घातलेले आहेत, असं त्याने १८९० मध्येच मांडलं. याला लाड म्हणायचं? १९७७ मध्ये इतिहासकार जॉन वॉन्सब्रो त्याच्याही पुढे गेले: कुराणाला आजचं रूप यायला दीड-दोनशे वर्षं लागली म्हणाले. मग २०१५ मध्ये बर्मिंगहॅमच्या कुराण-पानांची कार्बन चाचणी जाहीर झाली, चर्मपत्र इ.स. ५६८ ते ६४५ मधलं, म्हणजे पैगंबरांच्या काळाच्या आसपासचं निघालं. वय कातड्याचं, शाईचं नव्हे, हे खरं. तरी वॉन्सब्रोंचा हिशेब त्यानंतर सांभाळणं अवघड झालं.

तुमच्या तक्रारीत तथ्य नाही असं मात्र नाही. २००१ च्या अमेरिकेवरच्या हल्ल्यांनंतर बरेच प्राध्यापक अभ्यासक कमी आणि इस्लामचे प्रवक्ते जास्त झाले, अशी टीका याच क्षेत्रातले ॲरन ह्यूज सातत्याने करत आलेत. मला ती बरीचशी पटते.

राहिला ‘खरा इस्लाम’. जहांगीराची एक सोन्याची मोहोर आहे. तिच्यावर स्वतः बादशहा, हातात मद्याचा पेला. इस्लामचे अभ्यासक शहाब अहमद यांनी ‘इस्लाम म्हणजे काय’ या चर्चेत नेमकी तीच पुढे ठेवली. तुम्ही म्हणाल, हा कसला मुसलमान? गंमत अशी की मौलवीही हेच म्हणेल. अभ्यासकाचा प्रश्न वेगळा: बादशहाला ही छबी राज्याच्या नाण्यावर मिरवावीशी का वाटली, आणि ती चालली कशी? आपल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचंही तेच. मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिणारा हा संत कुठल्या रकान्यात घालाल? रकानाच तपासायला हवा.

“मग निवाडा कोणी करायचा?” असं तुम्ही शेवटी विचारलंय. करा ना, खुशाल करा. हमीद दलवाईंनी केला. १९७० मध्ये इथेच, पुण्यात, मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं आणि त्यासाठी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. ते सुधारकाचं काम, आणि मला त्याबद्दल आदरच आहे. धर्म-अध्ययन विभागात मात्र दलवाईंचे लेख अभ्यासाला लागतील, तसे त्यांच्यावर तुटून पडलेल्यांचेही लागतील.