जळक्या ऑइलने गंज थांबतो? नाही हो

आमच्या गुहागर-दापोलीकडे सध्या फिरतंय की जुनी जिप्सी नाहीतर थार घेतली की चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, जळकं ऑइल (इंजिनातून काढलेलं वापरलेलं) फासायचं, खाऱ्या हवेत पण गंज लागत नाही. अर्धवट खरंय. पाणी थोडे दिवस लांब राहतं, पण आधीचा गंज खालून खातच राहतो, वर वाळू चिकटते आणि सांध्यांतले रबरी बुश (धक्के झेलणारे रबराचे तुकडे) फुगतात ते वेगळंच. माझ्या गाडीला मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांपाशी स्क्रूड्रायव्हर ठोकला तर टण्ण ऐवजी भद्द, टोक सरळ आत, आणि वरून ऑइल कसं चकचकीत! म्हणून गाडी घेण्याआधी गॅरेजच्या लिफ्टवर चढवून ठोकून बघा. मग कुजलेला पत्रा कापून वेल्डिंग, तारेचा ब्रश, प्रायमर, अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला द्यायचा जाड संरक्षक थर), आणि चेसिसच्या पोकळीत वॅक्स, हे मात्र कुणी सांगत नाही.