'फ्रेमवर्कच संथ आहे' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची तक्रार थोडक्यात अशी: माझ्या लेखात फ्लटर या फ्रेमवर्कचं (ॲप बनवायच्या तयार सांगाड्याचं) एवढं कौतुक, पण इंदूरच्या सराफ्यातल्या खाण्याच्या दुकानांचं तुमचं ॲप साध्या फोनवर दुकानाचं कार्ड उघडताना अडखळतं, म्हणजे फ्रेमवर्कच संथ. शिवाय एका दुकानदाराच्या फोनवर ॲनिमेशन दिसतच नाही. कोड जोडलात हे बरं केलंत, नाहीतर नुसता अंदाजपंचे कारभार झाला असता.

पडदा सेकंदाला 60 वेळा ताजा होत असेल, तर दर 16.67 मिलिसेकंदांनी, म्हणजे दर फ्रेमला (पडद्यावरच्या एका चित्राला), टिकर हा ठोका देणारा भाग वाजतो. ॲनिमेशन चालवणारा कंट्रोलर किती वेळ गेला ते बघतो आणि कार्ड उघडण्याच्या 300 पैकी 150 मिलिसेकंद गेले असतील तर 0.5 हा आकडा देतो. पुढे कर्व्ह (वेग कुठे वाढवायचा, कुठे कमी, ते ठरवणारं सूत्र) त्याला वळण देते. फ्रेमवर्कचं काम एवढंच, आणि ते कुठल्याही फोनला झेपतं. हा आकडा घड्याळावरून निघतो, फ्रेम मोजून नाही. त्यामुळे दोन फ्रेम हुकल्या की ॲनिमेशन रेंगाळत नाही, मधला टप्पा गाळून उडी मारतं. तुम्हाला दिसतो तो झटका हाच.

आता फ्रेम का हुकतात? तुमच्या कोडमध्ये कंट्रोलर अख्ख्या पानाच्या स्टेटमध्ये (पानाची सद्यस्थिती सांभाळणाऱ्या भागात) आहे आणि दर ठोक्याला चालणाऱ्या लिसनरमध्ये सेटस्टेट, म्हणजे 'पुन्हा बांध' हा हुकूम. 300 मिलिसेकंदांत 18 फ्रेम, दर फ्रेमला सगळं पान नव्याने बांधायचं. पान म्हणजे स्क्रोलव्ह्यूत (सरकत्या चौकटीत) कोंबलेला कॉलम, म्हणजे उभी रांग, त्यात 40 दुकानं. गराडूचं (तळलेल्या कंदाचं) एक कार्ड उघडायला 720 कार्डं बांधून होतात! (यात अर्धा दोष माझा. लेखातल्या नमुन्यात मीही हेच केलं होतं. एका चौकोनापुरतं ते खपतं, यादीत नाही.)

कंट्रोलर प्रत्येक कार्डाच्या स्वतःच्या स्टेटमध्ये न्या. जेवढा भाग बदलतो तेवढ्यालाच ॲनिमेटेडबिल्डर (दर फ्रेमला फक्त आपला भाग पुन्हा बांधणारा घटक) लावा. फोटो, नाव, भाव हे त्याच्या चाइल्ड या न बदलणाऱ्या भागात द्या, म्हणजे ते एकदाच बांधले जातात. कॉलमऐवजी लिस्टव्ह्यू बिल्डर वापरा, तो पडद्यावरची आणि जवळपासचीच कार्डं बांधतो. मात्र आता वर सरकून गेलेलं कार्ड नष्ट होणार, म्हणून डिस्पोज या आवराआवरीच्या फंक्शनमध्ये आधी कंट्रोलर डिस्पोज करा आणि मग सुपर, म्हणजे मूळ क्लासचं डिस्पोज, बोलवा. हा क्रम चुकला तर चालू ॲनिमेशनमध्ये स्क्रोल करताच टिकर अजून चालू असल्याची लाल एरर येते.

कार्डाची उंची 72 वरून 240 करताना दर फ्रेमला लेआउट (कोणाचं माप किती, जागा कुठे ते ठरवणं) होतोच. खालची कार्डं सरकायला हवीत, तेव्हा ती किंमत मोजा. कार्डावरच्या बाणाच्या फिरण्याला मात्र रोटेशनट्रान्झिशन वापरा, तिथे लेआउट लागत नाही.

आणि हो, तुम्ही डीबग बिल्डवर (चुका शोधायच्या, मुळातच संथ आवृत्तीवर) मोजलंत. ते आकडे धरूच नका. केबल लावून, हाताशी असलेल्या सगळ्यात साध्या फोनवर, प्रोफाइल या वेग मोजायच्या मोडमध्ये चालवा. वेगाच्या आलेखात यूआयची पट्टी उंच गेली तर बांधणीत घोळ. रास्टरची (पडद्यावर रंगवण्याची) गेली तर सावल्या, ब्लर, क्लिप तपासा.

दुकानदाराच्या फोनचं म्हणाल, तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंग्जमध्ये ॲनिमेशन काढून टाकण्याचा पर्याय चालू आहे का बघा. तो चालू असला की फ्लटर कालावधी 5 टक्क्यांवर आणतं. तुमचे 300 मिलिसेकंद 15 होतात, म्हणजे एका फ्रेमहूनही कमी. कंट्रोलरला प्रिझर्व्ह (कालावधी आहे तसाच ठेव) ही सूचना देऊन हे डावलता येतं, पण हलत्या पडद्याने गरगरतं म्हणून कोणी तो पर्याय चालू ठेवला असेल, तर त्याच्यासाठी कार्ड टुणकन उघडलेलंच बरं.