मंगळावरचं पॅराशूट आणि भावकीच्या ग्रुपवरचे ‘पुरावे’

भावकीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. ‘मंगळावर यान उतरलं हे स्टुडिओतलं नाटक. सिग्नलला ११ मिनिटं लागतात, मग लाइव्ह कसं? हवा नाही, तर पॅराशूट फुगलं कसं? त्याचे पट्टेही वेडेवाकडे! माणूस नाही, मशीन उतरलं, टाळ्या कसल्या? त्या पैशात सोलापूरला रोज पाणी आलं असतं.’ पाठवणारे काका वडीलधारे, म्हणून तिथं गप्प बसलो.

आधी लाइव्हचं. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम लांबून बघितलंय ना? उजेड आधी, आवाज मागून. १८ फेब्रुवारी २०२१ ला नासाचं पर्सिव्हिअरन्स यान मंगळावर उतरलं तेव्हा तिथला निरोप इथं पोचायला ११ मिनिटांहून जरा जास्तच लागत होती, आणि हवेत शिरण्यापासून टेकण्यापर्यंतचा खेळ सातच मिनिटांचा. ‘शिरलं’ हे इथं कळेपर्यंत तिकडं जे व्हायचं ते होऊन गेलेलं. टाळ्याही त्यासाठीच, काका. इथून कुणाला ब्रेक दाबता येत नाही. यानानंच खालचे फोटो काढले, स्वतःजवळच्या नकाशाशी ताडले आणि धोंडे टाळून जागा निवडली.

हवा आहे, पण विरळ; दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी. म्हणून तर पॅराशूट साडेएकवीस मीटर रुंद, आणि तेवढ्यानंही भागलं नाही. शेवटी रॉकेटं पेटवून गाडी दोरांनी खाली सोडावी लागली.

पट्ट्यांचं मात्र चादरीच्या गावात सांगावं लागावं, याची गंमत वाटते. मागावर नक्षी पाडणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्यावर भोक आहे की नाही, यावर नक्षी ठरते. तसंच तिथं पांढऱ्या-केशरी पट्ट्यांच्या क्रमात शून्य-एकच्या लिपीत ‘मोठं धाडस करा’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य विणलेलं होतं, कडेला यान बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे अक्षांश-रेखांश. व्हिडिओ आल्यावर हौशी लोकांनी काही तासांत ते उलगडलं.

आणि नाटकच असेल, तर २०१६ चा सीन कुणी लिहिला? युरोपच्या शियापरेली यानाला मंगळावर उतरताना साडेतीन किलोमीटरहून जास्त उंचीवरच वाटलं की आपण टेकलो. पॅराशूट सोडून दिलं आणि आदळलं.

राहिलं पाणी. पर्सिव्हिअरन्सचा पैसा अमेरिकेच्या करदात्यांचा. आपलं मंगळयान साधारण ४५० कोटींचं, ते उतरलंच नाही, मंगळाभोवती फिरलं. उजनी भरलेलं असतानाही आमच्या गल्लीत नळ चार-पाच दिवसांआड येतो, रात्री दोनला आई पिंपं भरायला उठते. काका, राग बरोबर आहे, पण तो नगरसेवकाच्या दारात न्या. मीही येतो.